०.७ च्या आकड्याबद्दल खुलासा

‘कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तर ०.७ नसेल तर ती बाई पुरुषाला आवडतच नाही, हा उत्क्रांतीचा नियम’ असा मेसेज सध्या डिचोलीत फिरतोय. हे चूक आहे.

मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंग यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत पुरुषांना रेखाचित्रं दाखवली, त्यांत ०.७ ला पसंती मिळाली. तो त्या लोकांचा कल. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पेरू देशाच्या जंगलात, बाहेरच्या जगापासून दूर राहणाऱ्या मात्सिगेंका जमातीच्या पुरुषांनी उलट जाड कंबरेची चित्रं निवडली. मग नियम कसला?

चवथीला माझ्या भाचीनं नेवऱ्यांचं ताट बाजूला सारलं आणि शिवणाची टेप कमरेला लावून बसली. सोळा वर्षांची पोर! मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याखाली एवढं जोडाच.