वाटाण्याएवढा नमुना

दादरच्या एका कार्यालयात लग्नाच्या पंगतीला बसले होते. शेजारच्या बाईंची आणि माझी ओळख द्रोणात मठ्ठा पडला तेव्हाची. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी जपून म्हटलं, "संशोधन." एरवी एवढ्यावर भागतं, लोक "वा वा" म्हणून कुर्डईकडे वळतात. या वळल्या नाहीत. "कशावर?" "आहार आणि आतड्यातले जिवाणू."

झालं. हातातली जिलबी पानात परत गेली आणि थोरल्याच्या बाळंतपणापासूनचा त्यांच्या पोटाचा इतिहास सुरू झाला. करपट ढेकरा, संध्याकाळी साडेसहाला धरणारा गुबारा, इसबगोल, त्रिफळा, मग नणंदेने सुचवलेलं एरंडेल. मसालेभात येईपर्यंत मला बाईंचं नाव ठाऊक नव्हतं, कोठा मात्र पाठ झाला होता. समोरच्या पंगतीतल्या एका काकांनी तर ओरडूनच विचारलं, "आणि आमचं सकाळी दोनदा होतं, ते चालतं का?"

मुंबईचा माणूस फ्लॅट केवढ्याला घेतला हे सख्ख्या भावाला सांगणार नाही, पण सकाळी पोट साफ झालं की नाही हे मला लिफ्टमध्ये सांगतो. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की ज्या माहितीचा मला काडीचा उपयोग नाही ती सगळे देतात आणि ज्या वस्तूवर माझा संसार चालतो ती कुणी देत नाही. वस्तू म्हणजे नमुना. वाटाण्याएवढा पुरतो. नळीच्या झाकणालाच इवलासा चमचा असतो, तो एकदा बुडवायचा आणि झाकण लावायचं. एवढं ऐकलं की दोनदावाले काका मोबाइलमध्ये बघायला लागतात.

आमच्या कामात पहिली अडचण भाषेची. माणसांवरच्या अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि संमतीपत्र नमुना देणाऱ्याच्या भाषेत असावं लागतं. मराठी मसुद्यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. 'विष्ठा' शब्द पुराणातला वाटतो, तो वाचून माणूस नरकात गेल्यासारखा दचकतो. 'शौच'चा मूळ अर्थच शुद्धी. 'शी' तीन वर्षांपर्यंतच शोभते. आणि जो शब्द तमाम महाराष्ट्राला येतो तो त्या दोन बैठकांत कुणी तोंडातून काढला नाही, सगळ्यांच्या मनात मात्र होता. शेवटी 'मलाचा नमुना द्यावा' ठरलं. पहिल्याच काकूंना वाटलं, 'मला'पुढे 'चा' चुकून छापलाय. त्यांनी तो पेनाने नीट खोडला, खाली सही केली आणि 'मला नमुना द्यावा' असा अर्ज माझ्याच हातात ठेवला.

हा सगळा आटापिटा कशासाठी, तर आपल्या अंगात आपल्यापेक्षा जिवाणूच जास्त आहेत म्हणून. पूर्वी आम्ही ऐटीत सांगायचो, एका पेशीमागे 10 जिवाणू. 2016 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी नीट हिशेब मांडला आणि आमची ऐट उतरवली : माणसाच्या पेशी साधारण 30 लाख कोटी, जिवाणू 38 लाख कोटी. वजन म्हणाल तर सगळे मिळून 200 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बहुमत त्यांचंच, पण निसटतं, आपल्याकडच्या सरकारांसारखं. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचलेला कोंडा, सालं, भाजीचे धागे हे त्यांचं जेवण. ते खाऊन ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि त्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. आपण नुसता पाव खाल्ला की यांच्या पंगतीत पानं मांडलेली आणि वाढपी गायब.

हे मी घरी उत्साहाने सांगते, तेवढंच चुकतं. शिजवलेला भात गार झाला की त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात पचेनासा होतो आणि खाली जिवाणूंना मिळतो, असं मी एकदा सासूबाईंना सांगितलं. त्या कढईत फोडणी करत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "म्हणजे शिळा भात. यासाठी तुला सरकार पैसे देतं?" देतं, पण वेळेवर देत नाही, हे मी बोलले नाही.

नवऱ्याला यातली एकच गोष्ट आवडते, ती मॅककॅरिसनच्या उंदरांची. या ब्रिटिश डॉक्टरने 1918 साली निलगिरीतल्या कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरी या ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर काम सुरू केलं, त्यातूनच आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. त्याने उंदरांचे गट करून एकेका गटाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचं जेवण घातलं. गव्हाची पोळी, दूध, लोणी आणि भाज्यांवर वाढलेले शिखांच्या आहाराचे उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट निघाले. त्यांच्यामागे पठाण. मराठी उंदीर तिसरे. "म्हणजे तिथेही ब्राँझच," असं म्हणून नवरा दरवेळी उसासा सोडतो.

नमुना मिळाला म्हणून काम संपत नाही. तो गार राहिला पाहिजे आणि मी मुलुंडला राहते, प्रयोगशाळा परळला. सकाळच्या लोकलच्या गर्दीत थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलं की महिला डब्यातल्या सगळ्या बायका हसून बघतात. "केक वाटतं?" मी म्हणते, "औषधं." एकीने मायेने आपली टिफिनची पिशवी त्यावर ठेवली, तेव्हा मला कुठे बघावं कळेना. एकदा महिला डब्यात शिरताच आलं नाही म्हणून मालडब्यात चढले. तिथे एका कोळणीने पाटी सरकवून जागा दिली आणि विचारलं, "काय गो बाय, बर्फान काय?" तिला का कोण जाणे, खरं सांगितलं. ती कुर्ल्यापर्यंत हसत होती. म्हणाली, "आमचा म्हावरा इकला तरी जातो. तुजा कोन घेल?" माझ्या कामाचं इतकं नेमकं परीक्षण अजून एकाही नियतकालिकाने केलेलं नाही.

पुढे हे सगळं उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये जातं. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा लोकांना लिफ्टमध्ये अडकलेले नातेवाईक आठवले. मी फ्रीजरच्या दाराला पाठ लावून उभी होते. दार उघडलं नाही तर आतली थंडी काही तास टिकते. वाटेत येईल त्याला मी "उघडायचं नाही" एवढंच सांगत होते. आत काय आहे ते ठाऊक असल्याने कुणी हट्टही धरला नाही.

आता अण्णांचं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे, वय 78, जन्मभर बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि ताक. अशा पोटात प्रेव्होटेला जातीचे जिवाणू मुबलक सापडतात. जिन्यात अण्णा दिसले की मला माणूस दिसत नसे, प्रेव्होटेला दिसत. आठ महिने मागे लागले. गणपतीत आरती झाल्यावर ते म्हणाले, "देतो." त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. बंडी-लेंग्यात अण्णा, हातात अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा डबा. झाकणाला चौफेर चिकटपट्टी, वर सुवाच्य अक्षरात नाव, तारीख, वेळ 6:10, आणि खाली 'रात्री : मेथीची भाजी, 2 भाकऱ्या, ताक.' इतकी चोख नोंद आमचे विद्यार्थीही करत नाहीत.

"अण्णा, मी नळी दिली होती ना?"

"त्या नळीत काय मावतंय! प्रयोगाला कमी पडलं म्हणजे?"

मी डबा दोन्ही हातांनी घेतला. चांगलाच जड होता. अर्जातला शेवटचा प्रश्न तेवढा राहिला होता, गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का? त्या गोळ्यांनी आतड्यातली वस्तीच उलटीपालटी होते, मग नमुना बाद.

"छे," अण्णा म्हणाले. "गेल्या आठवड्यात दाढ काढली, तेव्हा पाच दिवस होत्या. पण त्या दाढेच्या. पोटाच्या नव्हत्या."

मी डबा हातात धरून उभी. अण्णा दोन पायऱ्या चढले, थांबले आणि वळून हळूच म्हणाले,

"डबा तेवढा धुऊन परत दे हं. ही मोजून ठेवते."