‘ताकदीला कमी लेखता’ : हँडहेल्ड कन्सोलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतक्या सविस्तर लिहिलेल्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून जरा लांबण लावतोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमयंत्र, घेताना त्याच्या प्रोसेसरची ताकद सगळ्यात शेवटी पाहा, आधी बॅटरी, वजन आणि गेम मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतो का, हे पाहा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हे जुन्या काळाचं गणित आहे, निन्टेंडोच्या जुन्या गेम बॉयचं उदाहरण मी सोयीचं म्हणून निवडलं, आणि त्याच कंपनीच्या नव्या स्विच २ च्या कार्ट्रिजबद्दल (यंत्रात घालायचं गेमचं कार्ड) चक्क चुकीचं लिहिलं.

कार्ट्रिजचं आधी घेतो, कारण तिथे तुमचंच खरं आहे. ‘कार्ट्रिज घेतली की गेम कायमचा हातात’ असं वाक्य मी लिहिलं होतं. स्विच २ च्या बऱ्याच गेमना ते लागू होत नाही. गेम-की कार्ड नावाचा जो प्रकार आहे, त्यात कार्डावर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. पहिल्यांदा कार्ड लावलं की सगळा गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि पुढे दर वेळी खेळताना कार्ड आत असावंच लागतं. कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येतं, एवढाच डिजिटल खरेदीपेक्षा फायदा. डब्याच्या पुढच्या बाजूला तशी सूचना छापलेली असते, ती वाचूनच घ्यावं. माझ्या भरवशावर कुणी न पाहता घेतलं असेल तर त्यांची माफी मागतो. लेखातलं वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता गेम बॉय. तुम्ही लिहिलंय, ‘तो टेट्रिसमुळे जिंकला, बॅटरीमुळे नाही.’ टेट्रिसचं श्रेय मोठं आहे, मान्य. अमेरिकेत ते यंत्रासोबतच मिळायचं. पण १९८९ सालीच अटारीचं लिंक्स रंगीत पडदा घेऊन आलं होतं, आणि १९९० मध्ये सेगाचं गेम गिअर. दोन्ही ताकदीने वरचढ, दोन्हींचा पडदा आतून उजळणारा. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, चार छटांचा, उजेडाकडे धरून पाहावा लागणारा. तरी तो चार सेलवर दहा तासांच्या पुढे जायचा, आणि गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचं. टेट्रिससारखा गेम ‘अजून एक डाव’ करत तासन्‌तास खेळला जातो, तो सेल टिकल्यामुळेच. या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

उदाहरण सोयीचं निवडलं, हा आरोप मात्र अर्धा पटला. सोनीच्या पीएसपीचं नाव मी घेतलंच नव्हतं. २००४ साली निन्टेंडोचा डीएस आणि पीएसपी समोरासमोर आले. डीएस विक्रीत १५ कोटींच्या वर गेला हे खरं, पण ताकदवान पीएसपीही आठ कोटींच्या आसपास पोचला. त्याला हरलेला म्हणणं अन्यायाचं आहे. उलट सोनीचाच पुढचा व्हिटा बघा. सुरुवातीच्या मॉडेलला पाच इंची सुरेख ओलेड पडदा आणि तगडं हार्डवेअर होतं, पण मेमरी कार्ड फक्त त्याच कंपनीचं चालायचं, तेही महाग, आणि मोठे गेम येणं लवकरच आटलं. म्हणजे ताकद असली-नसली तरी गेम हवेतच. ‘तुमच्याकडे आधीपासून कुठले गेम आहेत’ हा प्रश्न मी लेखात पहिला विचारायला हवा होता, तो विचारला नाही. वर्षानुवर्षं पीसीवर स्टीमचे (व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानातले) गेम घेतलेल्या माणसाला त्याच कंपनीच्या स्टीम डेक या हँडहेल्डवर तेच गेम पुन्हा पैसे न मोजता मिळतात. हे पारडं इतकं जड आहे की बाकीची तुलना त्याच्यापुढे फिकी. आणि ज्याला रोज फोर्टनाइटच खेळायचंय, त्याने डेकच्या वाटेला जाऊ नये, ते तिथे थेट चालत नाही.

पण ‘आज बॅटरीचा मुद्दा राहिलाच नाही, चार्जर कुठेही असतो’ हे तुमचं वाक्य मला मुळीच पटत नाही. आपण साधा भागाकार करू. असूसच्या पहिल्या आरओजी अलाय या हँडहेल्डची बॅटरी ४० वॅट-अवरची, म्हणजे ४० वॅट तासभर पुरवण्याइतकी. चार्जरशिवाय पूर्ण ताकदीला त्याची चिप एकटीच २५ वॅट घेते. पडदा, पंखा, वायफाय धरून तिशी ओलांडते. चाळीस भागिले तीस, म्हणजे सव्वा-दीड तास. जी ताकद तुम्हाला आकड्यांत दिसते, ती चार्जर लावल्याशिवाय तेवढाच वेळ तुमची असते. मग चिप १५ वॅटवर आणावी लागते, आणि तिथे आल्यावर डेकशी असलेलं अंतर बरंच मिटतं. त्यात अलायचा पडदा १०८० पी (१९२० बाय १०८०), म्हणजे डेकच्या १२८० बाय ८०० च्या दुप्पट पिक्सेल. तेवढं रंगवायला पुन्हा वीज आलीच. पुढच्या अलाय एक्समध्ये कंपनीने बॅटरी थेट ८० वॅट-अवरची केली, ती उगाच नाही.

स्विच २ सुद्धा यातून सुटलेलं नाही. कंपनीच सांगते दोन ते साडेसहा तास, आणि जड गेमला दोनच्या बाजूचा आकडा धरायचा. २०१९ मध्ये सुधारून आलेलं जुनं स्विच साडेचार ते नऊ तास चालायचं. ही घसरण मला खटकते, आणि मूळ लेखात हे मी पुरेसं ठळक लिहिलं नव्हतं.

थांबवून पुन्हा सुरू करण्याला तुम्ही ‘किरकोळ सोय’ म्हणता. माझ्याकडे एक यंत्र होतं, कंपनीचं नाव घेत नाही. पॉवरचं बटण दाबलं, पडदा काळा झाला, यंत्र झोपलं असं समजून कव्हरमध्ये घालून चेन लावली. दोन तासांनी चेन उघडली तर आतून गरम हवेचा झोत आला. पंखा फिरत होता, मागचं प्लास्टिक हात लावू देत नव्हतं, बॅटरी नऊ टक्के. गेम बंद पडलेला, आणि शेवटचं सेव्ह चाळीस मिनिटांपूर्वीचं. पुढे पुढे मी ते यंत्र उचलायचंच बंद केलं. वीस मिनिटं मोकळी मिळाली की हात आपोआप दुसऱ्याकडे जायचा, ताकदीत निम्म्या असलेल्या, पण बटण दाबताच उडी मारायच्या क्षणी थांबलेलं पात्र तिथूनच पुढे नेणाऱ्या यंत्राकडे.

वजनाबद्दल थोडक्यात. स्विच २ जॉय-कॉनसकट (बाजूचे सुटे कंट्रोलर) ५३४ ग्रॅम, ओलेड पडद्याचं डेक ६४०, लेनोवोचं लीजन गो ८५४. बसून, कोपर टेकवून खेळणाऱ्याला फरक जाणवणार नाही; आडवं पडून खेळणाऱ्याच्या मनगटांना अर्ध्या तासात कळतो.

शेवटी तुम्ही विचारलंय, एलसीडी पडद्याचं डेक आहे, ते देऊन अलाय एक्स घेऊ का? आधी एक करा. डेकच्या क्विक अ‍ॅक्सेस मेन्यूतून परफॉर्मन्स ओव्हरले (खेळताना पडद्यावरच आकडे दाखवणारी पट्टी) सुरू करा आणि आठवडाभर तुमचेच गेम खेळताना वॅट आणि फ्रेमचे (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) आकडे बघा. तुमचे आवडते गेम आठ-दहा वॅटमध्ये सुरळीत चालत असतील तर बदलू नका. सतत कमाल वॅटला जाऊनही तीस फ्रेमच्या खाली घसरत असतील, आणि तुम्ही बहुतेक वेळ चार्जरजवळच खेळत असाल, तर अलाय एक्स घ्या. तेव्हा ताकद आधी पाहणं तुमच्यासाठी बरोबरच असेल. आकडे इथेच कळवा, नेमके गेम कळले की सेटिंग्जचंही बोलू.