'दंड लावल्याशिवाय कामगार पर्यावरण पाळत नाही' हे खरं नाही

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कामगार आपणहून वीज-पाणी वाचवत नाही, दंड लावा नाहीतर पैसे द्या, आपल्या लोकांना सवयच नाही, आणि एकट्यादुकट्यानं करून फरक पण पडत नाही, खरं प्रदूषण कारखाना करतो. मी फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, मेंटेनन्सला आहे, आणि हा मेसेज सुपरवायझर लोकच पुढं ढकलायला लागलेत म्हणून लिहायला बसलो.

आधी दंड. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत एक प्रयोग झाला, 2000 साली छापून आलाय. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला! पैसे भरले की झालं असं लोकांनी धरलं, आणि दंड काढून टाकल्यावर पण उशीर खाली आला नाही. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या शेडमध्ये, तर अजून वाईट, दंड असला की माणूस लपवतो, ऑइल सांडलं तर सांगायच्या ऐवजी वर वाळू टाकून मोकळा.

मग पैसे. 2014 मध्ये व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीच्या 335 कॅप्टनांवर अभ्यास झाला. काहींना फक्त कळवलं की तुमचं इंधन वाचवायचं काम कसं चाललंय, काहींना टार्गेट दिलं, काहींना सांगितलं की टार्गेट गाठलं तर तुमच्या वतीनं संस्थेला देणगी देऊ. टार्गेटवाल्यांनी इंधन वाचवलं, देणगी जोडल्यानं त्यात वेगळी भर काय पडली नाही. आपल्यावर अभ्यास चाललाय एवढंच ज्यांना माहीत होतं ते पण सुधारले. पगार कुणाचाच वाढवला नव्हता.

कारखाना प्रदूषण करतो हे मात्र बरोबर आहे, मी नाही म्हणणार नाही. सांडपाणी शुद्ध करून सोडणं ही 1974 च्या कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे, हेल्परनं फॅन बंद केला म्हणून पंचगंगा साफ होत नसती. पण म्हणून हेल्परनं काहीच करू नये हे कुठून आलं?

सवयीचं म्हणाल तर ह्याच कोल्हापुरात लोक गणपतीचं मूर्तीदान करतात, निर्माल्य वेगळं देतात, नदीऐवजी विसर्जनाला इराणी खणीवर जातात. तीच माणसं सकाळी कार्ड पंच करून आत येतात.

आता एकट्यानं काय होतंय ते. जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद झाल्या की शॉपमध्ये उभं राहून ऐका, कुठंतरी मशिनी चालवायच्या दाबाच्या हवेचा फुस्स आवाज येतच असतो. कपलिंग ढिलं, होजला चीर, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. सात बार दाबाच्या हवेच्या लाईनला तीन मिलीमीटरचं भोक असलं तर तीन-साडेतीन किलोवॅट नुसते हवेत जातात, रात्रंदिवस, कारण ही हवा भरणारा कॉम्प्रेसर कुणी बंद करत नाही. नीट लक्ष न दिलेल्या प्लांटमध्ये कॉम्प्रेसरची वीस-तीस टक्के हवा अशी गळतीत जाते. हे मीटरवर कळत नाही, ते कळतं त्या मशीनपाशी आठ तास उभ्या असलेल्या पोराला. फर्नेसचं झाकण उघडं राहिलं की किती उष्णता जाते हे पण धातू वितळवणाऱ्या मेल्टरलाच आधी कळतं, त्याच्या तोंडावर झळ येते.

आणि तो सांगतो, पहिल्यांदा नक्की सांगतो. मी एका ठिकाणी बघितलंय, पोरानं साबणाचं पाणी लावून गळती शोधली, लाल टॅग बांधला, आणि तो टॅग धुळीनं काळा होईपर्यंत तिथंच. परत कशाला सांगेल तो? मग हेच लोक म्हणतात कामगाराला पडलेली नाही. दुसऱ्या शॉपला सुपरवायझर स्वतः त्याच दाबाच्या हवेच्या एअर गननं अंग झाडायचा बंद झाला, सांगितलेली गळती त्याच शिफ्टला काढायला लागला, तिथं पोरं न विचारता टॅग आणून द्यायला लागली.

मेसेज पाठवणाऱ्या सुपरवायझरांना एवढंच सांगणं आहे, दंडाचा कागद लावायच्या आधी बोर्डावर तीन रकाने काढा, गळती कुठं, कुणी सांगितली, कधी काढली. तिसरा रकाना तुमचा आहे.