बर्कलेच्या माता-बाल आरोग्य विभागाचं श्रेय नेमकं कोणाचं?

अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याविषयी एक कहाणी पुन्हा पुन्हा सांगितली जाते. माता-बाल आरोग्य हा विषय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या प्राध्यापकांनी जन्माला घातला, डॉक्टरांच्या संघटनेने तो उचलून धरला, सरकारने मागाहून पैसे दिले आणि बर्कलेच्या या विभागामुळे अमेरिकेतले मातामृत्यू आटोक्यात आले. ऐकायला छान आहे, पण एकेक दावा तपासू.

‘सुरुवात विद्यापीठाने केली.’ क्रम नेमका उलटा आहे. केंद्र सरकारचा चिल्ड्रन्स ब्यूरो, म्हणजे मुलांच्या कल्याणासाठीचं खातं, १९१२ साली स्थापन झाला. त्याच्या पहिल्या प्रमुख ज्युलिया लॅथ्रॉप प्राध्यापक नव्हत्या आणि डॉक्टरही नव्हत्या. त्या समाजसेविका होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलाद कारखान्यांच्या गावात ब्यूरोच्या बायका घरोघर फिरल्या आणि वर्षभरात जन्मलेल्या बाळांचं काय झालं ते त्यांनी आयांना विचारलं. हजारी १३४ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती, आणि बापाची कमाई जितकी कमी तितकं हे प्रमाण जास्त होतं. पुढे १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातल्या पाचव्या भागाने राज्यांना माता-बाल आरोग्यासाठी कायमचा निधी मिळाला. बर्कलेत या विषयाचं काम उभं करणाऱ्या डॉ. जेसी बियरमन तिथे आल्या १९४७मध्ये. त्याआधी त्या मोंटानाच्या आरोग्य खात्यात, चिल्ड्रन्स ब्यूरोत आणि कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यात राबल्या होत्या. त्यामुळे वर्गात शिकवायचा मसालाच मुळी सरकारी नोकरीतून आला होता.

‘डॉक्टरांची संघटना पाठीशी होती.’ हा दावा तर धडधडीत खोटा. १९२१च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी राज्यांना केंद्राचा पैसा देऊ केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यावर समाजवादाचा शिक्का मारला. १९२२च्या अधिवेशनात संघटनेच्याच बालरोग शाखेने कायद्याला पाठिंबा दिला, तेव्हा संघटनेच्या प्रतिनिधी सभेने त्या शाखेला झापलं. या दुराव्याचं एक फळ म्हणजे १९३०मध्ये बालरोगतज्ज्ञांनी काढलेली वेगळी अकादमी. विद्वत्तेची राजधानी म्हणवणाऱ्या मॅसॅच्युसेट्सने हा पैसा नाकारलाच, वर कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९२३मध्ये न्यायालयाने ती तक्रार फेटाळली. पण विरोधकांनी चिकाटी सोडली नाही आणि १९२९मध्ये कायद्याची मुदत संपली ती संपलीच. डॉक्टर वैयक्तिक पातळीवर सोबत होते, हे खरं. संघटना मात्र नव्हती.

‘विभागामुळे मातामृत्यू घटले.’ इथे तारखाच पुरेशा आहेत. १९३५च्या सुमारास अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे जवळपास ६०० माता दगावत. १९४७मध्ये, म्हणजे बियरमन बर्कलेत पोचल्या त्याच वर्षी, हा आकडा दीडशेच्या खाली आला होता. मधल्या काळात जंतुसंसर्गावरची सल्फा औषधं आली, पेनिसिलिन आलं, रक्त देण्याची सोय वाढली. शिवाय १९४३पासून खालच्या हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या बायकांचं बाळंतपण सरकारी खर्चाने होऊ लागलं, आणि ही योजना चिल्ड्रन्स ब्यूरोनेच चालवली. जी घसरण आधीच झाली, तिचं श्रेय नंतर आलेल्याला कसं द्यायचं?

मग विभागाने केलं काय? राज्यांच्या आरोग्य खात्यांसाठी माणसं घडवली, हे एक. दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं, आणि त्या कहाणीत नेमकं तेच गायब आहे. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा सुरू झाला, त्याच्या आरंभी बियरमन होत्या. पुढे मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी तो कित्येक दशकं चालवला. बाळंतपणातल्या गुंतागुंतीचा ठसा, फार गंभीर प्रकार सोडले तर, मुलं मोठी होताना फिका पडत गेला. घरची परिस्थिती मात्र भोवत राहिली. गरिबीसकट अनेक अडचणी पाठीशी लागलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश तरीही नीट मार्गी लागली. अशा मुलांच्या आयुष्यात बहुतेकदा आजी, शेजारीण किंवा शिक्षक असं एखादं भरवशाचं माणूस होतं.