लॅबवाल्या बाईंचं उत्तर

विडाल चाचणीवरच्या (टायफॉइडविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) माझ्या लेखाखाली ‘ग्रामीण डॉक्टर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ताप आला की पहिल्याच दिवशी विडाल करायची, ‘टायफॉइड निघाला’ म्हणायचं आणि सलाईन लावायचं, हे प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आणि गावातल्या दवाखान्यांतून बंद व्हायला हवं, असं मी लिहिलं होतं. प्रतिक्रियेचा गोषवारा असा: ब्लड कल्चर (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं) करा म्हणणं सोपं आहे, आमच्या तालुक्यात त्याची सोयच नाही. पेशंट मजुरी बुडवून येतो, रिपोर्टसाठी पाच दिवस थांबत नाही. औषध लांबवलं आणि आतड्याला भोक पडलं तर जबाबदार कोण? शिवाय पेशंट स्वतःच ‘रक्त तपासा’ म्हणतो. आणि मग शेवटचं वाक्य: ‘आयुष्यभर काचेवर थेंब टाकणाऱ्या लॅबवाल्या बाईंनी डॉक्टरांना शिकवू नये, एकदा फिल्डवर या आणि मग लिहा.’

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

डॉक्टरसाहेब, नोकरीची सगळी वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रांतच काढली. जिल्हा रुग्णालयात बदली मिळत होती, घरच्या अडचणींमुळे घेतली नाही. तीस हजार लोकवस्तीला एक केंद्र, त्याला एक लॅब आणि त्या लॅबमध्ये मी. तुम्ही म्हणता ते फिल्ड याहून वेगळं असेल तर पत्ता कळवा. पावसाळ्यात आरोग्यसेवक गावोगाव फिरून तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचा गोळा करायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर आणून ठेवायचे. कधी मुंग्यांनी रक्त खाल्लेलं, कधी दोन काचा चिकटून बसलेल्या. त्या जे.एस.बी. नावाच्या रंगाने रंगवायच्या, वाळवायच्या आणि मलेरियाच्या जंतूंसाठी एकेक काच शंभर फील्डपर्यंत (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तो भाग म्हणजे एक फील्ड) बघायची. लोडशेडिंग असलं की मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडे वळवायचा आणि ढग सरकायची वाट बघायची. एसी सोडा, पंखा चालू असला तरी आम्ही बंद करायचो, काचा उडतात म्हणून.

आणि थेंबाचं म्हणता, तर त्या थेंबाबद्दल सांगते, कारण तो तुमच्यापेक्षा मी जास्त वेळा पाहिला आहे. काचेवरच्या विडालमध्ये रुग्णाच्या सीरमचा (रक्तातल्या पातळ भागाचा) थेंब आणि अँटिजेनचा (मारलेल्या टायफॉइड जंतूंच्या द्रावणाचा) थेंब काडीने एकत्र करायचा, काच हलकेच फिरवायची आणि मिनिटभरात निकाल वाचायचा. त्यानंतर थेंब कडेने वाळायला लागतो आणि वाळताना कण दिसतात. गठ्ठे झाल्यासारखे, आणि गठ्ठे म्हणजे पॉझिटिव्ह. कंपाउंडर काच तशीच ठेवून इंजेक्शन द्यायला गेला आणि पाच मिनिटांनी परतला, तर कुणाचाही टायफॉइड निघेल. माझासुद्धा. गावातल्या किती दवाखान्यांत काच मिनिटभरात वाचली जाते, हे तुमच्या मनाला विचारा, मला कळवायची गरज नाही.

एक उदाहरण देते. भादव्यात एका शेतमजूर बाईला बैलगाडीतून आणलं होतं. त्याआधी आठवडाभर एका खाजगी दवाखान्यात टायफॉइडचे उपचार चालले होते, विडालची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधलेली. आमच्या मेडिकल ऑफिसरांनी ती वाचली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, ताई, काच करा. फाल्सिपेरमच्या (मलेरियाच्या घातक जातीच्या जंतूंच्या) रिंगा इतक्या होत्या की शोधाव्या लागल्याच नाहीत. मलेरियात विडालही पॉझिटिव्ह येऊ शकते, हे त्या डॉक्टरांना माहीत होतं. ते एमबीबीएसच होते, तुमच्यासारखे (तुम्ही आहात, असं धरून चालते). लॅबवाल्या बाईंना विचारण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

आता न्यायाने बोलायचं तर एक गोष्ट मान्य. कल्चरची सोय बहुतेक तालुक्यांत नाही, आणि लेखात मी ती एका ओळीत उरकली. तेवढं तुमचं बरोबर. पण सोय नाही म्हणून चुकीची चाचणी बरोबर ठरते का? विडाल 1896 सालची. आपल्यासारख्या भागात, जिथे टायफॉइडचे जंतू पाण्यातून अनेकांच्या पोटात केव्हा ना केव्हा जाऊन आलेले असतात, तिथे एकच नमुना फारसं काही सांगत नाही. जुना आजार, लस, दुसराच ताप, कशानेही टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) वर जातं. पुस्तकात दोन नमुने सांगितलेत, सात ते दहा दिवसांच्या अंतराने, आणि टायटर चौपट वाढलेलं हवं. दुसरा नमुना घ्या म्हणून सांगणारी चिठ्ठी माझ्या टेबलावर जवळपास कधीच आली नाही. टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांवर 2012 मध्ये सरकारनेच बंदी घातली. तेव्हाही ‘मग आम्ही काय करायचं’ असं म्हणणारे होतेच.

मी तपासण्यांच्या विरोधात नाही, हे कुठून कसं वाचलंत देव जाणे. मोफत तपासण्यांच्या योजनेत उपकेंद्रावर 14 आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर 63 तपासण्या असाव्यात असं ठरलेलं आहे, आणि त्या मिळाव्यात म्हणून मी तुमच्याआधीपासून ओरडते आहे. मलेरियाची किट, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, साखर, लघवीतलं प्रोटीन, थुंकीची तपासणी, डेंग्यूची एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत. यांतली प्रत्येक गोष्ट त्या दिवशी, त्या टेबलावर निर्णय बदलते. विडालने तुमचा निर्णय बदलतो का? निगेटिव्ह आली म्हणून तुम्ही कधी अँटिबायोटिक थांबवलंत? नसेल, तर ती केलीत कशाला? पेशंट मागतो म्हणून? पेशंट सलाईनही मागतो. लाल रंगाचं मागतो.

आतड्याला भोक पडण्याचं म्हणाल, तर ते सहसा तिसऱ्या आठवड्यात पडतं, पहिल्या दिवशी नाही. औषध उशिरा द्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही. टायफॉइडची शंका असेल तर शंकेवर औषध द्या, तो तुमचा अधिकार. फक्त त्या शंकेवर माझ्या काचेचा शिक्का मारून घेऊ नका. मजुरी बुडण्याचा मुद्दा मोठा आहे, या उत्तरात त्याचा विचार होणार नाही, आणि खरं सांगायचं तर ‘लॅबवाल्या बाई’ वाचल्यावर माझी तेवढी इच्छाही उरली नाही.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा, आणि तुमच्या रजिस्टरमधले दोन-दोन नमुन्यांचे विडाल निकाल असतील तर रुग्णांची नावं झाकून फोटो पाठवा. पाच मिळाले तरी छापते.