एक जुलैची माणसे

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात माझ्या वयाच्या बहुतेकांचा वाढदिवस 1 जुलैला येतो. त्या दिवशी गावात काही विलक्षण घडले होते असे नव्हे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख विचारली की आमच्या आया "तान्ह्या पोळ्याले झाला" एवढेच सांगत आणि गुरुजी मान खाली घालून 1 जुलै लिहून मोकळे होत. पन्नासहून अधिक वर्षे ही उसनी तारीख मी निमूटपणे वापरली. परवा मात्र एका योजनेच्या अर्जासाठी सेतू केंद्रात गेलो, तेव्हा संगणकाने मला 7 जानेवारीला जन्माला घातले.

01/07/1964 हे आपण आधी दिवस, मग महिना असे वाचतो. अमेरिकी वळणाचा संगणक आधी महिना वाचतो. 25/07 असते तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो अडला असता, पण बारापर्यंतच्या आकड्यांवर त्याला शंकाच येत नाही. वर्षातल्या 132 तारखा अशा दुतोंडी आहेत, आणि गुरुजींनी नेमकी त्यांतलीच एक अख्ख्या वर्गाला वाटली होती.

तोडगा 1988 सालापासून आहे. लग्नपत्रिकेत नावे छापतात तसे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, म्हणजे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावे, असे आयएसओ 8601 हे मानक सांगते, आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही ते आयएस 7900 या क्रमांकाने स्वीकारलेले आहे. (सरकारने 1957 मध्ये भारतीय सौर दिनदर्शिकाही स्वीकारली, त्यामुळे मी 10 आषाढ 1886 रोजीही जन्मलेलो आहे, पण ती तारीख आजवर कोणत्याही खिडकीवर मला कोणी विचारलेली नाही.)

मी मोठ्या ऐटीत हे सारे केंद्रातल्या पोराला ऐकवले. त्याने 1964-07-01 असे टाकून पाहिले आणि अर्जाने लाल अक्षरांत ‘दिनांक अवैध’ असे कळवले.

"काका, सात जानेवारीच राहू द्या न," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "गावातले चौदा जन तेच घेऊन गेले."

घरी आलो तेव्हा माय ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी तिला सगळी हकीकत सांगितली. तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला आणि विचारले, "मंग तान्हा पोळा टाकून पाह्यला का?"