हळदीनं गोळी सुटत नाही

शहापूर-वडगावपासून निपाणीपर्यंत एक मेसेज फिरतोय : ‘साठीनंतर हार्ट अटॅक कोलेस्टेरॉलनं येत नाही, नसांच्या सुजेनं येतो. रोज कोमट पाण्यातून चमचाभर हळद घ्या, कोलेस्टेरॉलची गोळी बंद. भाकरी-आमटीत दम नाही, ऑलिव्ह ऑइल आणा.’ आमच्या शेजारच्या तात्यांनी तो वाचून गोळ्यांची पट्टी फ्रिजवर टाकून दिली.

सुजेचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. 2017 च्या कॅन्टोस चाचणीत अटॅक येऊन गेलेल्यांना नुसती सूज उतरवणारं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल होतं तिथंच राहिलं, तरी पुढचे झटके थोडे कमी झाले. पण जंतुसंसर्गानं दगावणारेही वाढले, ते मेसेजवाला कशाला सांगेल? आणि नसेच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठतं तिथंच सूज धरते. एकाला सोडून दुसऱ्याला धरणार कसं? गंमत म्हणजे जी गोळी बंद करायची, ती सूजही उतरवते. 2008 च्या ज्युपिटर चाचणीत 17,802 जण होते. त्यात रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं सीआरपी, म्हणजे रक्तातली सुजेची खूण, 37 टक्क्यांनी उतरली.

हळद आमटीत असू दे. सूज उतरवतं म्हणतात ते तिच्यातलं द्रव्य, कर्क्युमिन, जेमतेम तीनेक टक्के, त्यातलंही अंगी फार थोडं लागतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर असले चमचे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

ऑलिव्ह ऑइलची गोष्ट स्पेनमधल्या प्रेडिमेड चाचणीतली. 55 ते 80 वयाचे, हृदयरोगाचा धोका असलेले 7,447 लोक. गट पाडण्यात चुका निघाल्या म्हणून 2018 मध्ये निष्कर्ष नव्यानं छापावे लागले, तरी हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे 30 टक्के घट टिकली. पण तिथं नुसतं तेल नव्हतं. डाळी, भाज्या, फळं, मासे असं सगळं ताट होतं. दुसऱ्या गटाला तर तेलाऐवजी रोज मूठभर अक्रोड-बदाम-हेझलनट दिले, फायदा जवळजवळ तेवढाच. अक्रोडातलं ओमेगा-3 आपल्या जवसातही आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, वर जवसाची चटणी, यात दम नाही म्हणणाऱ्यानं खानापूरच्या बाजूला एकदा जेवायला यावं. खोट आहे ती मिठात : दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं, ते पापड-लोणच्यातच संपतं.

तंबाखूचा मात्र त्या मेसेजात शब्द नाही. तात्यांनी तो मला दाखवला तेव्हा त्यांच्या डाव्या तळहातावर तंबाखू चुना लावून तयार होता.